आरटीएक्स ४०६० की आरएक्स ७६०० : धाराशिवच्या खोलीतून केलेली तुलना

पुण्याहून हैदराबादला जाणारा महामार्ग धाराशिव जिल्ह्यात नळदुर्ग आणि उमरग्यावरून जातो. या रस्त्याच्या पुण्याकडच्या टोकाला एनव्हिडियाचं अभियांत्रिकी केंद्र आहे, हैदराबादकडच्या टोकाला एएमडीचं. गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डांचा जगभरचा धंदा मुख्यतः याच दोन कंपन्यांच्या हातात आहे. इंटेल अलीकडे आत शिरू पाहतेय. आणि या दोन टोकांच्या मधे, उमरगा-लोहाऱ्यापासून भूम-परांड्यापर्यंत, वर्षभर पैसे साठवून एकदाच कार्ड घेऊ शकणारी पोरं राहतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : तीस हजारांच्या आत हे घेऊ की ते?

उत्तरं भरपूर मिळतात. दोन कार्डं शेजारी ठेवायची, दहा-बारा गेम चालवायचे, फ्रेम मोजायच्या आणि तक्ता मांडायचा, ही पद्धत आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. ते आकडे बहुतेक वेळा प्रामाणिकच असतात. पण चाचणी होते ती वातानुकूलित खोलीत, बाजारातल्या सगळ्यात वेगवान प्रोसेसरवर, लाइट न जाणाऱ्या शहरात. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली, सहाशे व्हीएच्या यूपीएसवर आणि चार वर्षं जुन्या मदरबोर्डवर तीच कार्डं कशी वागतील, हे त्या तक्त्यातून कळत नाही. म्हणून इथे एक नेहमीची जोडी घेऊन सगळा प्रश्न आपल्या बाजूने तपासू : एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० आणि एएमडीचं आरएक्स ७६००. दोन्हींच्या पुढची पिढी २०२५ मध्ये आली, तिच्याकडेही नंतर येऊ. पण दोन कार्डांची तुलना कशी करावी हे शिकायला यांच्याइतकी चांगली जोडी नाही, कारण कागदावर दोघं जवळजवळ जुळी आहेत.

आरएक्स ७६०० मे २०२३ मध्ये २६९ डॉलरला आलं. पुढच्याच महिन्याच्या शेवटी आरटीएक्स ४०६० आलं, २९९ डॉलरला. दोघांवर ८ जीबी मेमरी, दोघांची मेमरी बस १२८ बिटची, दोघंही मदरबोर्डाच्या सोळा पीसीआय लेनपैकी आठच वापरतात. मेमरीचा वेग ४०६० चा सेकंदाला २७२ जीबी आणि ७६०० चा २८८. दोन्ही चिप तैवानच्या टीएसएमसीतच घडतात. फरक आहे तो घडवण्याच्या पद्धतीत. एनव्हिडियाने नवी, महागडी प्रक्रिया घेतली आणि १५९ चौरस मिलिमीटरच्या चिपमध्ये सुमारे १८.९ अब्ज ट्रान्झिस्टर बसवले. एएमडीने जुनी, स्वस्त ६ नॅनोमीटरची प्रक्रिया वापरली. तिथे २०४ चौरस मिलिमीटरमध्ये १३.३ अब्ज बसले. या निवडीचा परिणाम खोक्यावर एकाच आकड्यात दिसतो. ४०६० ला ११५ वॅट लागतात, ७६०० ला १६५. हे ५० वॅट लक्षात ठेवा, ते पुढे जागोजागी भेटतील.

आधी वेग. १०८० पीवर, रे ट्रेसिंग बंद ठेवून पाहिलं तर दोन कार्डांत निवडण्यासारखं फार काही नाही. काही गेममध्ये हे पुढे, काहींत ते. सरासरीला ४०६० दोन-चार टक्क्यांनी पुढे निघतं. शंभर फ्रेम आणि एकशे चार फ्रेम यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, तो फक्त तक्त्यात दिसतो. रे ट्रेसिंग चालू केलं की चित्र बदलतं. तिथे ४०६० स्पष्ट वरचढ आहे आणि ७६०० दमतं. मात्र या किमतीच्या कार्डांवर ‘सायबरपंक २०७७’सारखा गेम पूर्ण रे ट्रेसिंगवर चालवणं ही हौसच आहे. पाण्यातलं प्रतिबिंब सुंदर दिसतं आणि गेम अडखळतो. चार दिवस कौतुक करून बहुतेक जण तो पर्याय बंद करतात, आणि त्यासाठी जादा पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

तक्ता वाचताना सरासरी फ्रेमइतकंच दुसऱ्या आकड्याकडे लक्ष द्यावं. परीक्षक त्याला ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात. सगळ्यात वाईट एक टक्का क्षणांत फ्रेम किती खाली घसरल्या, हे तो सांगतो. सरासरी नव्वद असून हा आकडा तीसवर येत असेल, तर नेमकं चकमकीच्या वेळी चित्र धक्के खातं आणि खेळणारा ‘लॅग मारतंय’ म्हणून नेटला शिव्या देतो. दोष बऱ्याचदा नेटचा नसतो. मेमरी अपुरी पडते, नाहीतर प्रोसेसर थकतो.

फ्रेम वाढवण्याच्या युक्त्यांचंही इथेच पाहून घेऊ. कमी रिझोल्यूशनवर चित्र काढायचं आणि मग ते हुशारीने मोठं करायचं, ही एनव्हिडियाची डीएलएसएस आणि एएमडीची एफएसआर. डीएलएसएस २०१८ पासून आहे, आरटीएक्स कार्डांवरच चालते आणि १०८० पीवर तिचं चित्र ७६०० ला मिळणाऱ्या एफएसआरपेक्षा स्वच्छ दिसतं. एफएसआरचा मोठेपणा असा की ती कुठल्याही कंपनीच्या जुन्या कार्डावरही चालते. जीटीएक्स १६५० वाल्यांना तिने जीवदान दिलं. एएमडीची सुधारलेली एफएसआर ४ आली ती २०२५ च्या आरएक्स ९००० मालिकेबरोबर. तिसरी युक्ती म्हणजे फ्रेम जनरेशन, दोन खऱ्या फ्रेमच्या मधे कार्डाने स्वतः रचलेली फ्रेम घालणं. जाहिरातीतले दुपटी-तिपटीचे आकडे बहुधा यातून येतात. मुळात साठ फ्रेम मिळत असतील तर चित्र मऊ होतं. मुळात पंचवीसच मिळत असतील तर आकडा पन्नास दिसतो आणि माउस पंचविसाच्याही मागे रेंगाळतो. तक्त्यात फ्रेम जनरेशन चालू आहे की बंद हे न पाहता दोन कार्डांची तुलना करू नये.

आता पैसे. ३० डॉलरचा फरक त्या वेळच्या सुमारे ८२ रुपये दराने आणि १८ टक्के जीएसटी लावून २,९०० रुपयांच्या आसपास येतो. दुकानातला भाव कधी याच्या वर असतो, कधी सणाच्या सवलतीत खाली. पण फरकाचं माप म्हणून हा आकडा धरायला हरकत नाही. तो वाचवावा म्हणून पुष्कळ जण ७६०० कडे झुकतात. मग वीजबिलाचा कागद काढून बसावं. रोज चार तास गेमिंग धरलं तर ५० वॅटचा फरक म्हणजे महिन्याला ६ युनिट. वीज आकार, वहन आकार सगळं मिळून युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला ६०, वर्षाला ७२०, चार वर्षांत २,८८०. स्वस्त कार्डाने दुकानात वाचवलेले पैसे चार वर्षांत जवळजवळ नेमके महावितरणकडे जमा होतात. शिवाय ३०० वॅट ओढणारा पीसी चार तास चालला तर महिन्याला ३६ युनिट होतात. ज्या घराचं बिल जेमतेम शंभर युनिटांच्या आत असतं, ते एवढ्याने पुढच्या टप्प्याच्या दरात जातं. वडील मीटरकडे बोट दाखवतात ते उगाच नाही.

पैशांपेक्षा महत्त्वाचा हिशोब यूपीएसचा आहे, आणि तो मी अजून कुठल्या तुलनेत पाहिलेला नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत कॉम्प्युटरला सहाशे व्हीएचा यूपीएस असतो. त्याची खरी ताकद पाठीमागच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेली असते : ३६० वॅट. ४०६० चे ११५, गेममध्ये प्रोसेसरचे ८०, मदरबोर्ड-रॅम-पंखे-एसएसडीचे ४५, असे २४० वॅट झाले. पॉवर सप्लाय ८५ टक्के कार्यक्षम धरला तर भिंतीतून २८२ ओढले जातात, मॉनिटरचे २५ मिळवले की ३०७. हे बसतं. आता ७६०० लावा. आतला भार २९० वॅट, भिंतीतून ३४१, मॉनिटर धरून ३६६. हे बसत नाही. लाइट असते तोवर काही कळत नाही. लाइट गेली की पहिल्या पीसीचा यूपीएस टिकटिक करत गेम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरती मिनिटं देतो. दुसरा लांब शिट्टी मारून तिथल्या तिथे सगळं बंद करतो. ७६०० घेणाऱ्याने हजार व्हीएचा यूपीएस त्याच बजेटमध्ये धरावा. मग २,९०० रुपयांची बचत दुकानातच संपते.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवणारेही पुष्कळ आहेत. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगला, ॲक्टिव्ह पीएफसीचा पॉवर सप्लाय कधी कधी कुरकुरतो किंवा पीसी रीस्टार्ट होतो. तिथे साइन वेव्हचाच इन्व्हर्टर लागतो. आणि ज्या गावांत गावठाणाची आणि शेतीची लाइन अजून एकच आहे, तिथे रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज कुठे जाऊन बसतं हे सांगायला नको. स्वस्त पॉवर सप्लायवर २००–२४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, बऱ्या सप्लायवर १००–२४०. हजार-दीड हजार जास्त मोजून दुसरा घ्यावा. तीस हजारांचं कार्ड आणि बाराशेचा पॉवर सप्लाय अशा जोड्या मी पाहिल्या आहेत, आणि आधी जळतो तो नेहमी बाराशेचा डबा असतो, पण जाताना तो एकटा जाईलच असं नाही.

उन्हाळ्याकडे वळू. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. बावीस अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारं कार्ड म्हणजे खोलीपेक्षा ४३ अंश वर. तीच खोली चाळीसवर गेली की कार्ड ८३ च्या घरात पोचतं, आणि साधारण तिथूनच एनव्हिडियाची कार्डं स्वतःचा वेग उतरवायला लागतात. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, दुपारी, पत्र्याच्या खोलीत तक्त्यातल्या फ्रेम मिळतीलच असं नाही. पंख्यांचा आवाज मात्र पुरेपूर मिळतो. इथेही ७६०० चे ५० वॅट आडवे येतात. कार्डात गेलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. या बाबतीत कंपनीपेक्षा मॉडेल बघावं. एकाच चिपची कार्डं आसुस, गिगाबाइट, एमएसआय, झोटॅक, सॅफायरसारख्या निरनिराळ्या कंपन्या बनवतात. त्यांत एका पंख्याचं आखूड कार्ड पाचशे-हजाराने स्वस्त असतं. सोलापूर-धाराशिवच्या उन्हाळ्याला ते घेऊ नये, दोन पंख्यांचं घ्यावं.

धूळ हा वेगळा विषय. काळ्या रानातली बारीक माती उन्हाळी वाऱ्याबरोबर घरात येते आणि कार्डाच्या पात्यांमध्ये बसते. दोन-तीन महिन्यांतून एकदा ब्लोअर मारला तरी तापमान काही अंशांनी उतरतं. पंखे बोटाने धरून मारावा, मोकळे फिरू देऊ नयेत. आणि सगळ्यात सोपा, फुकटचा उपाय म्हणजे फ्रेमला लगाम घालणं. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर सेटिंगमध्ये ७५ ची मर्यादा टाकावी. कार्ड दोनशे फ्रेम काढायचं थांबतं, वीज वाचते, खोली तापत नाही, आणि पडद्यावर काही कमी होत नाही, कारण तो मॉनिटर त्यापेक्षा जास्त दाखवूच शकत नव्हता.

मॉनिटरवरून आठवलं. जिल्ह्यातल्या गेमिंग पीसींवर प्रत्यक्षात काय चालतं? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, आणि मोबाइलच्या नेमबाजीचे गेम एम्युलेटरवर. यांतला जीटीए ५ पीसीवर आला तो २०१५ मध्ये. व्हॅलोरंट मुळातच साध्या मशीनसाठी लिहिलेला गेम आहे. त्यात अडतो तो प्रोसेसर, कार्ड नाही. साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्याला ४०६० आणि ७६०० यांत तर सोडाच, जीटीएक्स १६५० आणि ४०६० यांतही फारसा फरक जाणवणार नाही. त्याने तीस हजारांतले आठ-दहा हजार १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला द्यावेत. साठ हर्ट्झवर दर चित्र १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर ६.९ ने. हा फरक पहिल्याच मॅचला कळतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ यांतल्या कुठल्याही कार्डावर आरामात चालतो. गेमिंगवाल्या घरांत तो फारसा दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मोठे नवे गेम खेळायचे असतील तर मात्र प्रश्न मेमरीचा येतो, आणि तिथे ही दोन्ही कार्डं एकाच जागी लंगडी आहेत. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांवर त्याने धक्के खाल्ले. पुढच्या अपडेटनी ते बरेच निस्तरले, पण इशारा मिळून गेला. कार्डावरची मेमरी भरली की डेटा मदरबोर्डवरच्या रॅममधून आणावा लागतो, घरातलं पीठ संपल्यावर दर भाकरीला गिरणीत जावं तसं. आणि या दोन्ही कार्डांचा गिरणीचा रस्ता अर्ध्या रुंदीचा आहे, कारण लेन आठच. मदरबोर्ड पीसीआय ४.० चा असेल तर तेवढ्यावर भागतं. पण आपल्याकडे बी४५० बोर्ड, रायझन ५६००जी किंवा इंटेलचा दहाव्या पिढीचा प्रोसेसर असलेले पीसी खूप आहेत, आणि ते ३.० वरच चालतात. म्हणजे अर्ध्याचाही अर्धा. मेमरी भरत नाही तोवर नुकसान दोन-चार टक्क्यांचं. भरली की ‘वन पर्सेंट लो’ कोसळतो. अशा जुन्या बोर्डवाल्याने एका मागच्या पिढीच्या कार्डाचा विचार करावा : २०२१ चं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. त्याला सोळा लेन आहेत, मेमरीचा वेग ३६० जीबी आहे. एरवी ते ४०६० पेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी मागे आहे आणि १७० वॅट खातं, म्हणून सरसकट शिफारस मी करणार नाही.

याहून जुनी मशीन म्हणजे ऑफिसांतून निघालेले, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय५ चे ब्रँडेड सीपीयू. ते तालुक्याच्या गावात सहा-सात हजारांत मिळतात आणि पोरं त्यात कार्ड ‘टाकायला’ निघतात. यांचा पॉवर सप्लाय बऱ्याचदा तीनशे वॅटच्या आतला असतो आणि कार्डाला लागणारी आठ पिनची वायर त्यात नसते. तिथे ४०६० आणि ७६०० दोन्ही बाद. स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागवणारी, म्हणजे जीटीएक्स १६५० ची वायर न लागणारी मॉडेलं किंवा २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं, ७० वॅटचं रूप, एवढेच पर्याय उरतात. तेही घेण्याआधी एक गोष्ट तपासावी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. तिसऱ्या पिढीच्या आय५ मध्ये हे मिळत नाही. कार्ड कितीही चांगलं टाकलं तरी जो गेम खेळायचा तोच उघडला नाही, तर पैसे वाया.

एक माणूस या सगळ्या चर्चेत विसरला जातो, तो म्हणजे लग्नाचं शूटिंग करणारा. घरातला गेमिंग पीसी सीझनमध्ये मिक्सिंगला लागतो, अल्बम डिझाइनला लागतो; कित्येक ठिकाणी कार्डाचे पैसे त्याच कामातून निघतात. इथे सामना बरोबरीचा राहत नाही. प्रीमियर, डाविंची रिझॉल्व्ह, ब्लेंडर यांची घडी एनव्हिडियाच्या ‘कुडा’ (CUDA) या प्रणालीवर जास्त चांगली बसली आहे. दोन्ही कार्डांत एव्ही१ एन्कोडर असला, तरी कामाच्या सॉफ्टवेअरमधली निर्धास्तता ४०६० देतं. घरात कॅमेरा असेल तर ही तुलना इथेच संपवावी.

नव्या पिढीने जुनीच भांडणं पुढे चालवली आहेत. मे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० आलं, पुन्हा २९९ डॉलर, पुन्हा ८ जीबी, पुन्हा आठ लेन; मेमरी मात्र जीडीडीआर ७, वेग ४४८ जीबी आणि वीज १४५ वॅट. जूनमध्ये आरएक्स ९०६० एक्सटी आलं, ८ जीबीचं २९९ ला आणि १६ जीबीचं ३४९ ला. त्याला पूर्ण सोळा लेन आहेत. जुन्या बोर्डांच्या आपल्या जिल्ह्यात १६ जीबीचं ९०६० एक्सटी ही मला या सगळ्या यादीतली सगळ्यात शहाणपणाची खरेदी वाटते. डॉलर ८६ ला धरला तर कर मिळवून हिशोब पस्तीस हजारांच्या पुढे जातो, हीच अडचण. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला, १२ जीबी मेमरी घेऊन आलं आणि कागदावर ४०६० आणि ७६०० या दोघांनाही भारी पडलं. पण त्याला रीसायझेबल बार असलेला नवा बोर्ड लागतो, १९० वॅट लागतात, आणि प्रोसेसर जुना असला की त्याचा वेग लक्षात येण्याइतका उतरतो. ज्यांना स्वस्त कार्डाची खरी गरज आहे, नेमक्या त्यांच्याच मशीनवर ते रुसतं.

बाजारातल्या नावांनी आणखी घोळ घातला आहे. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं एक रूप आणि ८ जीबीचं, अरुंद बसचं दुसरं, नाव एकच. ३०५० चं ८ जीबीचं आणि ६ जीबीचं, नाव एकच, चिपचे भाग कमी-जास्त. आरएक्स ५८० म्हणून ऑनलाइन स्वस्तात मिळणारी पुष्कळ कार्डं ‘२०४८ एसपी’ असतात. २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी काढलेलं ते रूप आतून आरएक्स ५७० च आहे. याशिवाय बायोस बदलून जुन्या कार्डाला नवं नाव चिकटवलेले नगही फिरतात. पीसीत लावल्यावर जीपीयू-झेड नावाचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर उघडून शेडरची संख्या आणि मेमरी बस बघावी. ४०६० ला ३,०७२ आणि १२८ बिट, ७६०० ला २,०४८ आणि १२८ बिट दिसले पाहिजेत. दोन कंपन्यांचे शेडर वेगळ्या घडणीचे असतात, तेव्हा या दोन आकड्यांची आपसात तुलना करू नये. ते फक्त ओळखपरेडसाठी आहेत.

सेकंडहँडचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचं मायनिंग बंद पाडलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात उतरली. मायनिंगचं कार्ड घेऊच नये असं मी म्हणत नाही. स्थिर वेगाने, नीट थंड ठेवून चाललेलं कार्ड कधी कधी गेमिंगवाल्या घरातल्या धुळकट कार्डापेक्षा बरं निघतं. पण समोर बसून अर्धा तास गेम चालवल्याशिवाय, सगळी पोर्ट तपासल्याशिवाय आणि स्क्रू उघडले गेलेत का हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कुरिअरने मागवायचं असेल तर नकोच.

राहता राहिली खरेदी. जिल्ह्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर सीसीटीव्ही, टोनर, बायोमेट्रिक मशीन आणि राउटर असतात. ग्राफिक्स कार्ड बहुधा ‘मागवून देतो’ या सदरात मोडतं. ते पुण्याहून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा उमरग्याकडच्यांना हैदराबादहून येतं. ऑनलाइन पाचशे-हजार कमी पडतात हे खरं. तरी माझा कल ओळखीच्या दुकानदाराकडे आहे. वॉरंटी सहसा तीन वर्षांची असते आणि कार्ड बिघडलं तर ते सर्व्हिस सेंटरला पोचवणं, पाठपुरावा करणं, परत आणणं हे सगळं कोणीतरी करावं लागतं. सहाशे रुपये वाचवलेला मुलगा एका पुणे वारीतच ते पैसे घालवून बसतो.

आता निकाल. फक्त ४०६० आणि ७६०० यांतच निवडायचं असेल आणि फरक तीन हजारांच्या आसपास असेल, तर धाराशिव जिल्ह्यात ४०६० घ्यावं. रे ट्रेसिंगसाठी नव्हे, ११५ वॅटसाठी. फरक पाच हजारांच्या पुढे गेला, पॉवर सप्लाय ५५० वॅटचा आणि यूपीएस हजार व्हीएचा असेल, घरात मिक्सिंगचं काम नसेल, तर ७६०० घ्यायला हरकत नाही. बजेट वीस-बावीस हजारांवर अडलं असेल तर दोन्हींचा नाद सोडून २०२१ चं आरएक्स ६६०० शोधावं. १३२ वॅटमध्ये १०८० पीवर ते आजही इमानाने काम करतं. आणि यांतलं काहीही घेताना बिलावर कार्डाचं पूर्ण नाव, मेमरी किती जीबी आणि सिरियल नंबर लिहून घ्या. ‘ग्राफिक कार्ड, नग १’ एवढंच लिहिलेलं बिल वॉरंटीच्या वेळी चालत नाही.